बेटमेन्शेन: फ्रँकफर्टची नाताळातली मार्झिपॅन बिस्किटं, आणि त्याबद्दल मला सतत विचारले जाणारे प्रश्न

फ्रँकफर्टजवळच्या एका गावात राहायला आल्याला आता बरीच वर्षं झाली. नोव्हेंबर सरता सरता माझ्या ओट्यावर सोललेले बदाम, गुलाबजल आणि पिठीसाखर एवढंच दिसायला लागतं. फोटो पाहून पुण्या-मुंबईच्या बहिणी-भावजया, इथल्या मराठी मैत्रिणी आणि कधी कधी त्यांच्या सासूबाईसुद्धा प्रश्न विचारतात. तीच उत्तरं दरवर्षी फोनवर द्यायची, त्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते आहे.

बेटमेन्शेन म्हणजे नेमकं काय?

सुपारीपेक्षा थोडा मोठा, मार्झिपॅनचा, म्हणजे बदाम आणि साखर एकत्र दळून केलेल्या पिठाचा गोळा. त्याच्या तीन बाजूंना सोललेल्या बदामाच्या तीन अर्ध्या पाकळ्या, टोकं वर करून दाबलेल्या. वरून अंड्याच्या बलकाचा हात फिरवलेला, आणि मंद आचेवर फिकट सोनेरी होईपर्यंत भाजलेला. बाहेरून पातळ, किंचित कुरकुरीत पापुद्रा आणि आत मऊ, ओलसर बदाम. बिस्किट म्हटलं की आपल्याला खुसखुशीत काहीतरी आठवतं. हे तसं नाही. जर्मनीत नाताळासाठी घरी केल्या जाणाऱ्या सगळ्या छोट्या भाजलेल्या पदार्थांना ‘प्लेट्सशेन’ म्हणतात आणि त्यात हे मोडतं, म्हणून बिस्किट म्हणायचं.

नावाचा उच्चार काय आणि अर्थ काय?

बेटमेन्शेन. लिहिताना ‘बेथ’ असं दिसतं, पण जर्मनमध्ये तो ‘ट’च. बेटमान हे फ्रँकफर्टमधल्या एका सावकार घराण्याचं आडनाव. बेटमान बंधूंची पेढी १७४८ सालची. शेवटचं ‘शेन’ म्हणजे लहानपणा आणि लाड, आपण घराचं घरकुल करतो तसं. तेव्हा ‘छोटे बेटमान’, ‘बेटमानांची बाळं’ असा अर्थ झाला.

तीनच बदाम का?

फ्रँकफर्टमध्ये सांगतात ती गोष्ट अशी. १८३८ साली सिमोन मोरिट्झ फॉन बेटमान यांच्या घरी पॅरिसहून आलेला एक मिठाईवाला होता. त्याने घरातल्या चार मुलांच्या नावे गोळ्याला चार बदाम लावले: मोरिट्झ, कार्ल, अलेक्झांडर आणि हाइनरिश. १८४५ मध्ये हाइनरिश गेला, तेव्हापासून चौथा बदाम लावणं बंद झालं.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी बदाम दाबता दाबता थांबले होते. एका मुलाची रिकामी जागा दीडशेहून जास्त वर्षं प्रत्येक घरात, प्रत्येक गोळ्यावर राखली जाते, ही कल्पनाच गलबलून टाकणारी आहे. पण तारखा जुळत नाहीत, तेही सांगायलाच हवं. सिमोन मोरिट्झ १७६८ मध्ये जन्मले आणि १८२६ मध्ये वारले. म्हणजे ज्या साली हा पदार्थ त्यांच्या घरी जन्मला असं सांगतात, त्याच्या बारा वर्षं आधीच ते गेलेले होते. मुलं खरी, घराणं खरं, नाव खरं. बाकीची गोष्ट सांगता सांगता गोल होत गेलेली दिसते. मी मुलांना ती सांगते, आणि ती गोष्ट आहे हेही सांगते.

मग त्याआधी इथे मार्झिपॅनचं काही करत नसत का?

करत. फ्रँकफर्टचे ‘ब्रेंटन’ त्याहून जुने. तेच बदाम, साखर आणि गुलाबजल, पण गोळ्याऐवजी कोरीव लाकडी साच्यात दाबून नक्षी उमटवलेले चपटे तुकडे. साचा पिठीने किंवा साखरेने भुरभुरून घ्यायचा, पीठ दाबायचं, उलटं करून ठोकायचं, रात्रभर सुकवायचं आणि मग जेमतेम भाजायचं. बेटमेन्शेन ही त्याच घरातली धाकटी पाती असावी असं मला वाटतं. साचा नको, नक्षी नको, बदामच नक्षी. ज्या घरात साचे नाहीत त्या घरातही करता येईल असा हा पदार्थ आहे, आणि तो टिकला याचं मोठं कारण तेच असावं.

मार्झिपॅन आणि आपली बदाम कतली एकच ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कतलीत साखरेचा पाक असतो. पाकाला तार आली की बदामाची पूड त्यात पडते, ती कढईत आटते, तूप सुटतं आणि मग लाटली जाते. म्हणजे कतलीची बांधणी पाकाची. मार्झिपॅनमध्ये पाक नाही, तूप नाही, दूध नाही. सोललेले बदाम आणि साखर एकत्र दळतात, इतकं बारीक की बदामाचं स्वतःचं तेलच सगळं धरून ठेवतं. कारखान्यात ते दळलेलं पीठ नंतर तापवून, ढवळत भाजतात, म्हणजे पाण्याचा अंश उडतो आणि ते टिकतं. त्याची बांधणी तेलाची. म्हणून कतली तुटते आणि मार्झिपॅन ओल्या मातीसारखं वळतं.

चवही वेगळी असते. कतली गोड आहे हे आधी कळतं, बदाम नंतर. चांगल्या मार्झिपॅनमध्ये बदाम आधी येतो, मागून किंचित कडवटपणा, शेवटी गुलाब. ज्याला ही उलटी क्रमवारी एकदा जिभेवर कळली, त्याला दुकानातल्या नुसत्या गोड मार्झिपॅनने समाधान होत नाही.

गुलाबजल मात्र आपल्या ओळखीचं, आणि ते उगाच नाही. बदाम, साखर आणि गुलाबजल एकत्र दळण्याची ही रीत अरब-इराणी जगातून युरोपात आली. युरोपात साखर आणि बदाम दोन्ही महाग, त्यामुळे मार्झिपॅन आधी औषधविक्रेत्यांकडे मिळायचं आणि श्रीमंतांच्या ताटात जायचं. बर्लिनमध्ये आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये बीटात ऊसासारखीच साखर असते हे दाखवलं, त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ च्या सुमारास सायलेशियात बीटसाखरेचा पहिला कारखाना उभारला, आणि पुढच्या शतकात साखर हळूहळू स्वस्त झाली. राजेरजवाड्यांचा पदार्थ आजीच्या ओव्हनमध्ये पोचला तो असा.

जर्मनीत दुकानातून आणायचं तर कुठलं मार्झिपॅन घ्यायचं?

पाकिटावर ‘मार्झिपॅन-रोमासे’ असं लिहिलेलं घ्या. ‘रोमासे’ म्हणजे कच्चं पीठ, पुढे काही करण्यासाठीचं. इथे त्याचे नियम आहेत: वरून घातलेली साखर ३५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, बदामाचं तेल निदान २८ टक्के हवं आणि पाणी १७ टक्क्यांपर्यंतच. नुसतं ‘मार्झिपॅन’ लिहिलेल्या वडीत मात्र रोमासेच्या वजनाइतकीच साखर आणखी घालायची मुभा असते. हिशोब केला तर त्यात एकूण दोन तृतीयांश साखर निघू शकते. खायला ठीक, पण त्याचे बेटमेन्शेन केले तर ते ओव्हनमध्ये पसरतात. माझी पहिली खेप अशीच गेली. ताटलीभर चपट्या चकत्या आणि त्यांच्यावर आडवे पडलेले बदाम. पीठ चुकीचं घेतलं होतं, हात चुकला नव्हता.

‘एडलमार्झिपॅन’ लिहिलं असेल तर ७० टक्के रोमासे आणि ३० टक्के साखर. ‘ल्युबेकर मार्झिपॅन’ हे नाव युरोपीय संघात भौगोलिक नाव म्हणून संरक्षित आहे, आपल्याकडे रत्नागिरी हापूसला मानांकन आहे तसंच. ते उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहरात आणि त्याच्या लगतच्या भागातच बनलेलं हवं. ल्युबेकमधलं नीडरएगरचं दुकान १८०६ पासूनचं आहे आणि आपल्या मार्झिपॅनमध्ये रोमासेशिवाय वेगळी साखर घालत नाही, असं ते अभिमानाने सांगतात.

पाकिटावर ‘पर्सिपान’ लिहिलं असेल तर?

ते बदामाचं नाही. जर्दाळूच्या किंवा पीचच्या बियांतल्या गराचा कडूपणा काढून ते करतात. लहानपणी जर्दाळू खाऊन झाला की बी फोडून आतला ‘बदाम’ खायचो ना, त्याच जातीचा गर. वाईट काही नाही, स्वस्त असतो, आणि बऱ्याच तयार नाताळ-मिठायांमध्ये असतो. त्यात मुद्दाम अर्धा टक्का स्टार्च घालायचा दंडक आहे. आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो आणि मार्झिपॅनमध्ये केलेली भेसळ पकडता येते. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग इथे असा उपयोगी पडतो. बेटमेन्शेन मात्र पर्सिपानचे करू नका. बेटमेन्शेनमध्ये बदामाशिवाय दुसरं काही सांगण्यासारखं नाहीच, आणि तोच काढून घेतला तर उरतं काय?

भारतात रोमासे मिळत नाही. घरी करता येईल का?

येईल, आणि मी तर म्हणेन घरीच करा. २०० ग्रॅम बदाम, १०० ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे गुलाबजल. साखर एक तृतीयांश, म्हणजे जर्मन नियमातही बसतं.

बदाम उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, गार पाण्यात टाका आणि चिमटीत दाबा. साल सुटून बदाम उडी मारतो. मुलांना बसवायचं तर याच कामाला. सोललेले बदाम कापडावर पसरून रात्रभर वाळवा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच घोटाळा होतो. ओले बदाम मिक्सरमध्ये चिकट लगदा होतात, पूड होत नाही.

बदाम आणि निम्मी पिठीसाखर एकत्र, मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवलात तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि हाती बदामाचं लोणी येतं. मधेच भांड्याला हात लावून पाहा. कोमट लागलं की दहा मिनिटं थांबा. पूड रव्याहून बारीक झाली की उरलेली साखर आणि गुलाबजल घालून शेवटचं फिरवा, काढून तळहाताने मळा. पुरणासारखं एकजीव व्हायला हवं. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते वेगळंच पीठ असतं, ताणलेलं सैल झालेलं.

तेल सुटलंच, तर घाबरू नका. एक चमचा बर्फगार गुलाबजल घालून हलक्या हाताने मळा, बहुतेक वेळा परत धरतं.

आता प्रत्यक्ष कृती सांगा.

साधारण तेहतीस नगांसाठी: २५० ग्रॅम रोमासे, ८० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम बदामाची बारीक पूड, ५० ग्रॅम मैदा, एका अंड्याचा पांढरा भाग आणि एक चमचा गुलाबजल. वर लावायला ५० सोललेले बदाम आणि तोच बाजूला ठेवलेला बलक, एक चमचा दुधात फेटून.

रोमासे किसणीवर किसून घ्या, मग बाकीचं त्यात मिसळा. अंड्याचा पांढरा भाग एकदम ओतू नका. अर्धा घालून मळा, गरज पडली तर पुढचा. पीठ हाताला किंचित चिकटावं, पण बोट काढल्यावर बोटावर राहू नये. अर्धा तास फ्रिजमध्ये. तेवढ्यात बदाम अर्धे करा: सोलल्यावर ते ओलसर असतानाच शिवणीत सुरीचं टोक घातलं की अख्खी पाकळी सुटते. सुकल्यावर कराल तर तुकडे पडतील.

१४-१५ ग्रॅमचे गोळे वळा. पहिले चार-पाच वजन करून घेतले की पुढे हातच सांगतो, लाडू वळणाऱ्या बायकांना हे शिकवायला नको. तीन पाकळ्या, सपाट बाजू गोळ्याकडे, टोकं वर, सारख्या अंतरावर दाबा. दाबताना गोळा थोडा उंच आणि त्रिकोणी होतो, तसाच हवा. बलक ब्रशने दोनदा लावा, मधे दहा मिनिटं सुकू द्या. ती चमक दुसऱ्या हातानेच येते.

ओव्हन १५० अंशांवर, मधल्या कप्प्यात, १८ ते २० मिनिटं. ओटीजी असेल तर खालची-वरची दोन्ही कॉइल, पंखा नको. बदामाची टोकं सोनेरी झाली की बाहेर काढा. तेव्हा ते मऊच लागतील आणि तुम्हाला वाटेल कच्चे राहिले. राहिलेले नाहीत. गार झाल्यावर धरतात. आणखी पाच मिनिटं ठेवले तर दुसऱ्या दिवशी दगड होतात.

कडू बदाम घालतात असं वाचलंय. घालायचे का?

जर्मन रोमासेत कडू बदामाचं थोडं प्रमाण असतं, मागून येणारी ती कडवट चव त्याचीच. पण कडू बदामात अमिग्डालिन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. लहान मुलाला थोडेसे कच्चे कडू बदामही घातक ठरू शकतात. घरी कडू बदाम आणूच नका. बदामाच्या अर्काचे दोन थेंब घाला, काम होतं. तिसरा थेंब घालू नका, औषधाचा वास येतो.

गोळ्यांना भेगा पडतात. काय चुकलं?

पीठ कोरडं. मळताना अर्धा चमचा गुलाबजल वाढवा आणि गोळा वळताना तळहात ओला ठेवा. पसरत असतील तर उलट, साखर जास्त किंवा पीठ गरम. बदाम गळून पडत असतील तर ते फार वरवर दाबलेत. पाकळीचा खालचा गोल भाग पिठात बुडलेला हवा.

आमच्याकडे अंडं चालत नाही.

अंड्याचं काम दोन ठिकाणी आहे. पिठात ते बांधतं. तिथे छोले उकडल्यावर उरलेलं घट्ट पाणी दोन चमचे घाला, मीठ न घालता उकडलेले असतील तर. वर चमक देतं. तिथे सायीत केशर खलून लावा. रंग सुरेख येतो, चमक थोडी कमी. मी दरवर्षी एक घाणा असा करते, आईसाठी. ती चतुर्थी पाळते, आणि तिच्या डब्यात वेगळ्या फितीने बांधून ठेवलेले असतात.

बदाम महाग आहेत, काजूचे केले तर?

काजूचं मार्झिपॅन गोव्यात होतंच. तिथल्या ख्रिस्ती घरांतल्या नाताळच्या कुस्वारात, म्हणजे फराळात, नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं यांच्या शेजारी, साच्यातून काढलेली रंगीत फुलं, मासे आणि फळं असतात, ती बहुतेक काजूची. पोर्तुगिजांबरोबर बदामाची रीत आली, आणि गोव्याच्या बायकांनी दारात पिकणारा काजू घेतला. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत ईस्टरला मार्झिपॅनची अंडी होतात. ती चांगलीच असतात आणि त्यांना स्वतःचं नाव, स्वतःचा इतिहास आहे. तेव्हा काजूचं करायचं तर ते गोव्याचं म्हणून करा, साच्यात घाला, भाजू नका. काजूत स्टार्च जास्त, त्यामुळे ओव्हनमध्ये तो लवकर कोरडा पडतो. बेटमेन्शेनसाठी बदामच हवा. परवडत नसेल तर पंधराच करा.

यात दारू असते का?

बेटमेन्शेनमध्ये नाही. पण मार्झिपॅनच्या इतर काही मिठायांमध्ये रम असते, पाकिटावरची यादी वाचा. शाकाहारी लोकांनी जेलीचा थर असलेल्या पदार्थांत जिलेटिन आहे का तेही पाहा.

नाताळात मार्झिपॅनचं आणखी काय काय असतं?

पुष्कळ. ‘मार्झिपॅन-कार्टोफेल्न’, म्हणजे मार्झिपॅनचे बटाटे: न भाजलेले छोटे गोळे, कोकोच्या पुडीत घोळवलेले, खरंच मातीतून काढलेल्या बटाट्यासारखे दिसतात आणि मुलांना हेच सगळ्यांत आवडतात. ‘डोमिनोश्टाइन’ हे लेबकुखन नावाचा मसालेदार केक, फळांची जेली आणि मार्झिपॅन यांचे थर चॉकलेटमध्ये बुडवलेले चौकोन. ड्रेस्डेनच्या हर्बर्ट वेन्डलरने ते १९३६ मध्ये काढले. क्योनिग्सबर्गची रीत निराळी: वरचा भाग आचेवर करपेल इतपत तांबूस करतात आणि मधल्या खळग्यात मुरंबा किंवा पाक भरतात. ते शहर आज रशियाचं कालिनिनग्राड आहे, आणि तिथून उठून आलेल्या जर्मन कुटुंबांनी ही मिठाई सोबत आणली. नववर्षाला शुभशकुन म्हणून मार्झिपॅनचं गुलाबी डुक्कर देतात.

कधी करायला घ्यायचे?

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आडव्हेंट. पहिल्या रविवारी मेणबत्ती लागते आणि घरोघरी ओव्हन तापतात, दिवाळीआधी फराळाचा वास गल्लीभर सुटतो तसं. माझ्या शेजारच्या आजी पहिल्या आठवड्यात बेटमेन्शेन करायच्या आणि डबा कपाटावर ठेवायच्या. ६ डिसेंबरला निकोलाउस, म्हणजे संत निकोलसचा दिवस, त्या दिवशी मुलांच्या बुटात दोन पडायचे. बाकीचे नाताळपर्यंत झाकलेले. ‘त्यांना झोपू दे,’ म्हणायच्या. त्यांच्याकडूनच मी शिकले, आणि झोपू देण्याचा अर्थ मला दुसऱ्या वर्षी कळला: दहा दिवसांनी गुलाब आणि बदाम एकमेकांत मुरतात आणि पहिल्या दिवशीची साखर मागे सरते.

फ्रँकफर्टला गेलो तर कुठे खायचे?

र्‍योमरबर्गच्या चौकातल्या नाताळ-बाजारात. या बाजाराचा उल्लेख १३९३ पासून सापडतो. तिथे ते वजनावर, कागदी पिशवीत मिळतात. शहरातल्या जुन्या मिठाईवाल्यांकडे एरवीही असतात. घेताना बदामाची टोकं पाहा. फिकट पांढरी असतील तर कमी भाजलेले, तपकिरी असतील तर कोरडे.

किती टिकतात, आणि भारतात नेता येतात का?

पत्र्याच्या घट्ट डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, गार जागी तीन-चार आठवडे. मुंबईच्या दमट हवेत फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी तासभर बाहेर काढा; गारठलेल्या मार्झिपॅनला वासच नसतो. दुसऱ्या वासाच्या पदार्थांपासून लांब ठेवा, विशेषतः दालचिनीच्या बिस्किटांपासून, नाहीतर गुलाब हरतो.

प्रवासाला हातातल्या पिशवीत न्या. डबा काठोकाठ भरा, वर जागा उरली तर चुरगाळलेला बटर पेपर दाबून बसवा, म्हणजे गोळे हलत नाहीत आणि बदाम निसटत नाहीत. गेल्या वर्षी असाच एक डबा पुण्याला पोचला. आईने फोनवर सांगितलं की तेहतीसमधल्या एकाच गोळ्याचा बदाम पडला होता, आणि तो तिने साखरेच्या पाण्याचं बोट लावून परत चिकटवला.